सोसायटीच्या भिंतीवर कोल्हा येतो. पिंजरा लावू द्यावा का?

ऐरोली_चौथा_मजला (1 फेब्रुवारी 2025)

दिवाळीत आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या सोसायटीत राहायला आलो. मागच्या भिंतीपलीकडे मातीचा बांध आणि त्याला लागूनच कांदळवन. माझं काम रात्रपाळीचं, घरूनच करते, त्यामुळे दोन वाजेपर्यंत जागी असते. संक्रांतीच्या, म्हणजे 14 जानेवारीच्या रात्री एक वाजून गेल्यावर बाल्कनीत गेले तर भिंतीवर एक जनावर बसलेलं. आधी कुत्राच वाटला. पण पाय बारीक, तोंड निमुळतं, शेपटी झुबकेदार आणि टोकाला काळी. दहा मिनिटं तो तिथून हलला नाही. मग 30 तारखेच्या रात्री पुन्हा, साधारण त्याच वेळी, आणि या खेपेला दोघं. मधले पंधरा दिवस मी रोज बघत होते, एकदाही आले नाहीत.

कोल्हेकुई मात्र संध्याकाळी सातच्या सुमारास जवळजवळ रोज असते. रुग्णवाहिकेचा सायरन वाजला की हमखास. सासूबाईंना ते अशुभ वाटतं. माझी भीती वेगळी आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि नेमकी त्याच वेळी मागच्या बाजूला सायकल चालवते.

मी ग्रुपवर फोटो टाकला आणि चर्चेला तोंड फुटलं. एकांच्या ओळखीचा माणूस पैसे घेऊन पिंजरा लावतो आणि प्राणी 'लांब जंगलात' सोडतो म्हणे. 9 तारखेला मीटिंग आहे. मला त्यांना हाकलायचं नाहीये. ते दोघं दिसले तेव्हा मी काम बाजूला ठेवून बघत राहिले होते. पण पोरीची काळजी वाटतेच. मीटिंगमध्ये काय सांगू?

दिवा_कोळीवाडा

ताई, तुम्ही तारखा लिहिल्या ते फार बरं केलंत. पंचांग काढून बघा. 13 जानेवारीला पुनव होती, 29 ला आवस. दोन्ही वेळा तुम्हाला कोल्हा दिसला तो पुनव-आवस उलटल्यावर लगेच. तेव्हा उधाण, म्हणजे मोठी भरती असते. या तिथींना आमच्या खाडीत भरती मध्यरात्रीनंतर भरते, तिवरांच्या मुळांत कमरेएवढं पाणी चढतं. कोल्हा पोहतो, पण रात्रभर पाण्यात थोडाच थांबणार? तो बांधावर येतो, बांधावर माणसांची नाहीतर कुत्र्यांची चाहूल लागली की भिंतीवर. पाणी उतरलं की परत. मधल्या पंधरवड्यात भांगाची, म्हणजे लहान भरती, पाणी एवढं चढत नाही, म्हणून तो दिसला नाही. तुमच्याकडे तो शिकारीला येत नाही, पाय कोरडे ठेवायला येतो.

मी चाळीस वर्षं या खाडीत होडी घालतो. ओहोटीला चिखलात त्यांच्या पावलांच्या रांगा दिसतात आणि जागोजागी उकरलेली बिळं. चिंबोऱ्या, निवट्या (चिखलातले मासे), उंदीर, मेलेला मासा, जे मिळेल ते खातात. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते खोटं नाही. बांधावरची बोरंसुद्धा सोडत नाहीत. पूर्वी खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदली होत्या, मधे मोकळी जमीन होती, उधाणात त्यांना सरकायला जागा होती. आता एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला तुमची भिंत. राग मानू नका, पण भिंत नंतर आली.

पिंजऱ्याचं तर मनातही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे, बिबट्याच्या बरोबरीने. त्या माणसाबरोबर तुमची कमिटीही अडकेल. आणि 'लांब जंगलात' सोडून काय होतं ते बिबट्यांच्या बाबतीत बघून झालंय. जुन्नर भागातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले तर सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी ते अभ्यासातून दाखवलंय. इथली जागा मोकळी झाली की दुसरी जोडी येणारच.

मीटिंगमध्ये एवढंच विचारा, की मागच्या भिंतीशी खरकटं कोण टाकतं? भात, कोंबडीची हाडं? तुमच्याकडे बांधावरून बघितलंय मी. कुत्रे त्यावर येतात, उंदीर येतात, आणि मग कोल्हा उधाण नसतानाही यायला शिकतो.

सासूबाईंना सांगा, माझी आजी सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की म्हणायची, आज जाळं भरणार.

ठाण्याचा_पशुवैद्य

वरचं सगळं पटतं, पण रेबीजबद्दल बोलायलाच हवं. 2024 मध्ये चेंबूर भागात मेलेल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला होता. निरोगी कोल्हा माणूस दिसला की अंतर ठेवतो. दिवसाढवळ्या झोकांड्या खात फिरणारा, लाळ गळणारा, अंगावर येणारा दिसला तर मुलांना घरात घ्या आणि वनखात्याच्या 1926 वर फोन करा. स्वतः काठी घेऊन जाऊ नका.

चावलाच, किंवा नुसता ओरखडा आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लगेच दवाखाना. दंडात लस घेतली तर पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) हेही लागतं, ते मागून घ्या. सोसायटीतल्या कुत्र्यांना दरवर्षी लस द्या. मुलीला कोल्ह्यापेक्षा कुत्र्याकडूनच जास्त धोका आहे, आणि कोल्ह्यांनाही खरूज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य रोग) हे आजार कुत्र्यांकडूनच लागतात.

हॅरोची_माहेरवाशीण

लंडनहून लिहितेय. नेटवर 'फॉक्स' शोधून इथले सल्ले तिकडे लावू नका. शाळेच्या पुस्तकात आपण फॉक्सला कोल्हा म्हणतो, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल. आपल्याकडचा खरा फॉक्स म्हणजे खोकड, तो माळरानावरचा, अंगाने पुष्कळ लहान. इथे माझ्या परसात तांबडा फॉक्स येतो, जानेवारीत माद्या अशा किंचाळतात की पहिल्या वर्षी मी पोलिसांना फोन करणार होते. पण ब्रिटनमधल्या जमिनीवरच्या प्राण्यांत 1922 पासून रेबीज नाही, म्हणून इथले लोक निर्धास्त असतात. तिकडे तसं राहून चालणार नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. शेजारच्या आजी एका फॉक्सला हाताने सॉसेज भरवायच्या. तो आमच्या स्वयंपाकघरात शिरू लागला, मग चार घरांत, आणि लोक त्याच्या जिवावर उठले. आजी फार रडल्या. तुमच्याकडे कुणाला माया वाटली तरी खायला घालू देऊ नका.

ऐरोली_चौथा_मजला (14 फेब्रुवारी)

दादा, तुमचं उत्तर मीटिंगमध्ये जसंच्या तसं वाचून दाखवलं. पिंजऱ्याचा विषय अनुसूची 1 ऐकल्यावर मिटला. खरकट्यावरून मात्र तासभर वाजलं, कारण टाकणाऱ्यांत आमचाच मजला होता. आता कुत्र्यांचं खाणं पुढच्या गेटपाशी सकाळी आठला, अर्ध्या तासात भांडी उचलायची. आठपैकी सहा कुत्र्यांना लस झाली, दोघं हाती लागत नाहीयेत. सायकल पुढच्या बाजूला, दिवेलागणीपर्यंतच.

परवा माघी पुनव झाली. काल रात्री मुलीला मुद्दाम उठवलं, दिवे बंद करून बाल्कनीत बसलो. एक वाजून दहा मिनिटांनी पाणी बांधाला लागलं होतं. आधी एक भिंतीवर आला. दुसरा बराच वेळ बांधावरच उभा होता, मग तोही वर चढला. मुलगी कानात म्हणाली, "आई, त्याचे पाय ओले आहेत."