मदत हवी आहे: 200 आभा क्रमांक काढले, तरी चिठ्ठ्या रुग्णांच्या ॲपमध्ये दिसत नाहीत

कोरडवाहू:
माझ्या वहिनींचा तालुक्याच्या गावी दवाखाना आहे आणि तिथले संगणकाचे काम दर रविवारी मी पाहतो. गेल्या तीन महिन्यांत आम्ही सुमारे 200 रुग्णांचे आभा क्रमांक काढून दिले, दवाखान्याची आणि वहिनींची राष्ट्रीय नोंदणीही झाली. तरीही आमची एकही चिठ्ठी रुग्णाच्या आभा ॲपमध्ये दिसत नाही. "तुम्हीच म्हणाला होतात, सगळे मोबाइलवर येईल," असे रोज कोणीतरी वहिनींना सुनावून जाते. कृपया थेट उपाय सांगावा. आभा म्हणजे रुग्णाच्या आरोग्य नोंदींच्या ओळखीचा क्रमांक, हे मला ठाऊक आहे.

निवांत_काका:
माझ्या मेहुण्यांच्या बायपासच्या वेळी कार्ड असूनही अडवणूक झाली होती. शिधापत्रिकेवरची आणि आधारवरची नावे जुळतात का, ते आधी तपासावे.

सातबारा:
काका, तुम्ही सांगता ते आयुष्मान कार्ड, म्हणजे वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचे. आभा हा 14 अंकी क्रमांक केवळ नोंदींच्या ओळखीसाठी असतो आणि त्यावर उपचार मोफत होत नाहीत. कोरडवाहू, दवाखान्यात सॉफ्टवेअर कोणते आहे?

दुपारची_ओपीडी:
मी स्वतः डॉक्टर आहे. सप्टेंबर 2021 मध्ये आभाची ही मोहीम (आयुष्मान भारत डिजिटल मिशन) देशभर सुरू झाली, तेव्हा मीही उत्साहाने नोंदणी केली होती; परंतु आधारला जोडलेला मोबाइल पुण्यातल्या मुलाकडे आणि आजी माझ्यासमोर, अशा स्थितीत ओटीपीची वाट पाहण्यात अर्धी ओपीडी संपू लागली. बोटांचे ठसे घ्यावेत, तर निंदणी-खुरपणीने ते झिजलेले. कागदाला चार्जिंग लागत नाही, एवढेच मी म्हणेन.

कोरडवाहू:
ओटीपीची अडचण मी विचारलेलीच नाही, क्रमांक निघाले आहेत. सॉफ्टवेअर असे काही नाही. वहिनी चिठ्ठी हाताने लिहितात आणि मी रविवारी ती एक्सेलमध्ये भरतो. हे मुद्दाम सांगण्यासारखे वाटले नाही.

सातबारा:
सांगण्यासारखे नेमके तेवढेच होते! क्रमांक काढला म्हणजे नोंद आपोआप कुठे जात नाही. या रचनेत सगळ्या देशाच्या चिठ्ठ्या साठवणारे एक कोठार नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते, आणि रुग्णाने संमती दिली की तिथूनच मागवली जाते. तशी मागणी आली तर तुमच्या एक्सेलच्या फाइलला उत्तर देता येत नाही. त्यासाठी मोहिमेशी जोडलेले सॉफ्टवेअर लागते. विक्रेता "आमचे आभाला चालते" असे म्हणाला, तर एम-टू, म्हणजे मोहिमेशी जोडणीचा दुसरा टप्पा, पूर्ण झाले आहे का, हे विचारा. एम-वन म्हणजे फक्त क्रमांक काढणे व पडताळणे. रुग्णाच्या नोंदी जोडणे एम-टूमध्ये येते. इतर ठिकाणच्या नोंदी संमतीने पाहणे एम-थ्रीमध्ये. पुष्कळांची गाडी एम-वनवरच थांबलेली असते.

दुपारची_ओपीडी:
म्हणजे वहिनींनी आता रुग्णाकडे पाहायचे सोडून पडद्याकडे पाहत टंकायचे. शिवाय त्या एक्सेलच्या फाइलमध्ये आधार क्रमांकही आहेत का?

कोरडवाहू:
आधारचा रकाना आहे खरा. फाइल माझ्याच लॅपटॉपवर असते.

दुपारची_ओपीडी:
मग सॉफ्टवेअरचे नंतर पाहा, आधी तो रकाना काढून टाका. आभा एकदा निघाल्यावर आधार क्रमांक तुम्ही बाळगण्याचे कारणच उरत नाही, आणि लॅपटॉप एसटीत राहिला तर उत्तर वहिनींना द्यावे लागेल.

सातबारा:
या मुद्द्यावर मी डॉक्टरांशी सहमत आहे, कागदाच्या मुद्द्यावर नाही.

कोरडवाहू:
रकाना आजच काढतो. मागच्या तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या मात्र वाया गेल्या का?

सातबारा:
नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरल्यास त्याही जोडता येतील. सगळ्या 200 जणांच्या मागे न लागता मधुमेह आणि रक्तदाबाचे नेहमीचे रुग्ण आधी घ्यावेत. सर्दी-पडशाची जुनी चिठ्ठी मोबाइलवर कोणी शोधणार नाही.