'चाचणी' कुणाची? यकृताच्या कागदांवरचे काही अडलेले शब्द

डिचोलीची बाई

मंडळी, विचारायचा होता एकच शब्द, पण लिहायला बसले तर त्याच्या मागून आणखी तीनचार आले. सगळेच मांडते.

मी निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर मराठी शिकवली. आता एका नैतिकता समितीवर 'सामान्य व्यक्ती' म्हणून बसते. नव्या औषधाचा अभ्यास माणसांवर करायचा तर अशा समितीची परवानगी लागते, आणि समितीत डॉक्टर-वकिलांच्या बरोबरीने वैद्यकाशी संबंध नसलेलं एक माणूस असावंच लागतं. रुग्णाच्या हातात पडणारं संमतिपत्रक रुग्णाच्या डोळ्यांनी वाचायचं, हे माझं काम.

यकृताच्या जुनाट आजारांवरच्या पत्रकांत हटकून असं वाक्य असतं: 'आपणांस या यकृत चाचणीत सहभागी होण्यासाठी आमंत्रित करण्यात येत आहे.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण 'चाचणी' म्हणजे काय? आपल्याकडे रक्ताची चाचणी होते, लघवीची होते, शाळेत घटक चाचणी होते. इथे मात्र तो शब्द 'क्लिनिकल ट्रायल'साठी, म्हणजे नव्या औषधाच्या माणसांवरच्या अभ्यासासाठी, आलेला असतो.

हे मी पुस्तकी शंका म्हणून काढत नाही. माझ्या भावोजींनी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात असल्याच कागदावर सही केली. घरी आल्यावर बहिणीने विचारलं तर म्हणाले, "लिव्हरची चाचणी होती, रक्त देऊन आलो." दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, रिपोर्ट कधी मिळतो गं? कागद शर्टाच्या खिशात चौघडी करून, बसच्या तिकिटासकट ठेवलेला. तो उलगडून वाचला तेव्हा कळलं की दीड वर्ष रोज गोळी घ्यायची आहे, आणि ती गोळी औषधाची असेल किंवा नसेलही. भावोजी काही नुसते चौथी पास नाहीत, चांगले मॅट्रिक आहेत. त्यांना वाचता येत होतं. शब्दानेच फसवलं. पुढे काही वाईट झालं नाही, पण त्यांनी सही कशावर केली हे त्यांना ठाऊक नव्हतं, याचा मला अजून त्रास होतो.

तर 'ट्रायल'ला काय म्हणावं?

फोंड्याचा औषधवाला

बाई, दुकानात सगळे 'ट्रायल'च म्हणतात. पण ट्रायल शिंप्याकडेही होते आणि गाडी घेतानाही. म्हणजे घालून बघायचं, नाही बसलं तर परत. औषधाला तो अर्थ चिकटला तर पंचाईत.

'प्रयोग' म्हणाल तर गोव्यात प्रयोग देवळासमोरच्या मांडवात होतो, नाटकाचा. आणि दुसरा अर्थ त्याहून वाईट: 'आमच्यावर प्रयोग करतात.' त्या शब्दाला माणूस घाबरून पळेल.

मला वाटतं शब्द बदलण्यापेक्षा विभक्ती लावा. 'यकृत चाचणी' हा समास आहे आणि त्याने घोळ केलाय. 'नव्या औषधाची चाचणी' म्हटलं की कुणाची परीक्षा चाललीय ते उघड होतं.

सांखळीचे मास्तर

विभक्तीचं पटलं. पण 'यकृत' तरी किती जणांना कळतं? शब्द फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १६३वं सूक्त रोग हाकलण्याचं आहे, त्यात हृदय, आतडी यांच्या रांगेत 'यक्नः' येतो, म्हणजे यकृतातून. ग्रीक 'हेपार' हा त्याचाच दूरचा भाऊ, आणि डॉक्टरांचा 'हिपॅटायटिस' त्या हेपारवरून आलेला. म्हणजे घरातलीच दोन भावंडं दोन दारांनी आली आणि आपण एकाला अवघड म्हणतो, दुसऱ्याला इंग्रजी!

अमरकोशात यकृताला 'कालखण्ड' असाही शब्द आहे. काळसर मांसाचा तुकडा. आपलं 'काळीज' आणि हिंदीचं 'कलेजा' त्याच काळ्या रंगाच्या कुळातले. म्हणून मी म्हणेन, मराठीत सरळ 'काळीज' लिहावं. अस्सल शब्द आहे आणि मूळ अर्थही तोच आहे.

काणकोणची सिस्टर

मास्तर, रागावू नका, पण काळीज नको. कोशात बरोबर असेल, वॉर्डात चुकेल.

आमच्याकडे कोंकणीत काळीज म्हणजे हृदय. 'काळीज धडधडटा' म्हणताना कुणी यकृतावर हात ठेवत नाही. मराठीतही काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरं पडतात, सगळं छातीतच. एका आजीला नातवाने सांगितलं, काळजाचा आजार आहे. तिने हृदयाच्या गोळ्या विचारायला सुरुवात केली. यकृत हा अर्थ जिवंत राहिलाय तो फक्त मटणाच्या दुकानात. तिथे 'कलेजी' मागितली की कसाई अचूक तेच कापून देतो. पण रुग्णाला 'तुमची कलेजी' कसं म्हणणार!

मी 'लिव्हर' म्हणते आणि उजव्या बरगडीखाली हात ठेवून दाखवते. लिहिताना 'यकृत (लिव्हर)' एकदा, मग सगळीकडे लिव्हर. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

मला खरा अडलेला शब्द दुसरा आहे: फायब्रोसिस, म्हणजे लिव्हर आतून कडक होत जाणं. पत्रकांत 'तंतुमयता' लिहितात. तंतुमय म्हटलं की लोकांना आंबा आठवतो. एकाने विचारलं, सिस्टर, फायबर खायला सांगतात ते जास्त झालं का? आम्ही फायब्रोस्कॅन करतो तेव्हा बरगड्यांच्या मधे टोकदार नाही, गोल बोटासारखं यंत्र लावतो. टिचकी मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. त्या टिचकीची लाट आत जाते. लिव्हर जितकं कडक तितकी लाट वेगाने पळते, त्यावरून कडकपणाचा आकडा किलोपास्कलमध्ये येतो. निरोगी लिव्हर पाचच्या आसपास. आदले किमान तीन तास खायचं नाही, नाहीतर आकडा उगाच वाढतो. हे सगळं सांगताना माझ्या तोंडी आपसूक 'निबर' येतो. भेंडी निबर होते तसं लिव्हर निबर झालंय. लगेच कळतं.

डिचोलीची बाई

निबर! सिस्टर, हा शब्द मी वहीत टिपून ठेवला.

सांखळीचे मास्तर

काळीज मागे घेतो. सिस्टरांची आजी माझ्या अमरकोशापेक्षा भारी पडली.

निबर सुंदर आहे. सिरॉसिस, म्हणजे या निबरपणाची शेवटची पायरी, त्या शब्दात तर कडकपणा नाहीच, हे इथे सांगायला हवं. फ्रेंच डॉक्टर लेनेक, ज्यांनी स्टेथोस्कोप शोधला, त्यांनी १८१९मध्ये हे नाव दिलं ते ग्रीक 'किरॉस' म्हणजे पिवळसर तांबूस या रंगावरून. शवविच्छेदनात जे दिसलं त्याचं नाव. आजार्‍याला त्या रंगाचा काय उपयोग? 'निबर' हाताला लागतं.

पर्वरीची विद्यार्थिनी

निबरवर माझी एक हरकत आहे. निबर झालेली भेंडी पुन्हा कोवळी होत नाही. रुग्ण ऐकेल की आता संपलं.

लिव्हरचं तसं नाही. हिपॅटायटिस सीचा विषाणू १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५हून अधिक जणांच्या शरीरातून जातो, आणि त्यानंतर पुष्कळांचा कडकपणा हळूहळू उतरतो. फॅटी लिव्हरमध्ये वजन उतरवल्यावरही होतं. शिवाय कितीतरी औषध-अभ्यास चाललेत ते याच प्रश्नावर: चढलेली पायरी उतरते का? शून्य ते चार अशा पायऱ्या मोजतात, चार म्हणजे सिरॉसिस. न उतरणारं असं सांगणारा शब्द पत्रकाच्या मुळावरच येईल.

काणकोणची सिस्टर

बरोबर धरलंस गो बाय. मी वीस वर्षं बोलतेय आणि हा विचार केला नव्हता.

मग 'वण' कसा वाटतो? जखम भरली की वण राहतो, तसे आतून वण. वण फिका होऊ शकतो. आणि वणच वण झाले की आकार बिघडतो, गुठळ्या पडतात, तो सिरॉसिस. फक्त तिथे 'गाठी' म्हणायचं नाही. सिरॉसिसमध्ये लिव्हर खडबडीत होतं, त्याला गाठी म्हटलं की घरच्यांना कॅन्सरच ऐकू येतो. 'गाठ' हा शब्द ट्यूमरसाठी राखून ठेवा. सिरॉसिस असलेल्याला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला बोलावतो ती गाठ उगवली का, हे बघायलाच. 'गाठी आहेत, पण गाठ नाही' असं वाक्य मी स्वतः उच्चारलं आहे आणि समोरच्या बाईचा चेहरा पाहून गप्प झाले आहे.

पेडणेकर

मी वाचतच होतो. लिहायचं नव्हतं, पण 'फॅटी' आला म्हणून लिहितो.

मी आयुष्यात फेणीचा थेंब घेतलेला नाही. उर्राकच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत बागेत राहूनसुद्धा नाही. रिपोर्टवर फॅटी लिव्हर आलं आणि वाड्यावर झालं, हा लपून पितो. लिव्हर आणि दारू आपल्याकडे एकाच दमात उच्चारतात. 'नॉन-अल्कोहोलिक' असं लिहिलेलं दाखवलं तर त्यातलंही 'अल्कोहोल' तेवढं वाचलं.

पर्वरीची विद्यार्थिनी

काका, तुमच्यासारख्यांमुळेच तो शब्द बदलला. २०२३मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी आणि रुग्णसंघटनांनी मिळून 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' हे नाव सोडलं. ज्यांना विचारलं त्यांतल्या ६१ टक्क्यांना 'नॉन-अल्कोहोलिक' आणि ६६ टक्क्यांना 'फॅटी' हा शब्द बट्टा लावणारा वाटला. आता नाव शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडावरून आहे: साखर, वजन, रक्तदाब, चरबी. मराठीत अजून बसका शब्द नाही. 'चयापचयी मेदयकृत' मी कुणाला म्हणू शकत नाही. 'साखर-वजनाने आलेला लिव्हरचा आजार' चालेल का?

पेडणेकर

चालेल. लांब आहे, पण त्यात माझ्यावर आरोप नाही.

डिचोलीची बाई

पेडणेकरबाब, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

आता माझे उरलेले दोन. पहिला 'यादृच्छिक'. कुणाला औषध आणि कुणाला नुसती गोळी हे कुणाच्या मर्जीने ठरत नाही, संगणक ठरवतो. त्याला पत्रकात 'यादृच्छिक पद्धतीने विभागणी' लिहितात. शब्द मला स्वतःला दोनदा वाचावा लागला. मी समजावताना एका बाईंना म्हटलं, नाणं उडवल्यासारखं. त्या म्हणाल्या, म्हणजे कौल लावतात?

क्षणभर वाटलं, सापडला शब्द! मग लक्षात आलं की घात होईल. आपल्याकडे देवाला प्रसाद-कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडून पडली की त्यात देवाची इच्छा असते. तिथे योगायोग नसतो. औषधाचा गट 'कौलाने' मिळाला असं वाटलं तर ती बाई मधेच बाहेर कशी पडेल? देवाचा शब्द कसा मोडायचा? आणि केव्हाही बाहेर पडायचा हक्क तर त्याच पत्रकात लिहिलेला असतो. म्हणून 'चिठ्ठी टाकून' बरं वाटतं. चिठ्ठीत देव नसतो.

दुसरा 'प्लासिबो', म्हणजे ती नुसती गोळी. 'साखरेची गोळी' लिहू नका, हे मी शिकले. निम्म्या रुग्णांना मधुमेह असतो.

फोंड्याचा औषधवाला

'खोटी गोळी'ही नको. खोटं म्हटलं की फसवणूक. 'दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी' एवढं लांबच लिहा. आणि ती का द्यायची हेही लिहा. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉमला मान्यता मिळाली, फॅटी लिव्हरमुळे वण पडलेल्यांसाठीचं पहिलं औषध. त्याच्या अभ्यासात ९६६ जण होते. वर्षभराने लिव्हरचा सुतासारखा तुकडा काढून तपासला तेव्हा मोठा डोस घेणाऱ्यांत शंभरातले २६ जण वणाची एक तरी पायरी उतरले होते. आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत? १४. ते १४ मोजलेच नसते तर सगळे २६ औषधाच्या नावावर गेले असते. गिऱ्हाईक मला 'गुण आला' म्हणून सांगतं तेव्हा हे आकडे डोक्यात येतात. कशाने आला, हे 'गुण आला' सांगत नाही.

पर्वरीची विद्यार्थिनी

एक शब्द मीही टाकते: 'मध्यक'. लिव्हरच्या कॅन्सरवरच्या सोराफेनिब या औषधाचा २००८चा निकाल मराठीत 'रुग्ण सरासरी १०.७ महिने जगले' असा वाचला, न घेणारे ७.९. मूळ आकडा सरासरीचा नाही, मध्यकाचा आहे. निम्मे रुग्ण त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्या पुढे राहिले. घरचे १०.७ हा आकडा तारखेसारखा भिंतीवर लावतात. 'निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांहून जास्त जगले' असं लिहिलं तर तेच खरं राहतं आणि तारीख होत नाही.

डिचोलीची बाई

हे मी पत्रकात नेणार. काल तुमच्या सगळ्यांच्या मदतीने पहिला परिच्छेद नव्याने केला:

'लिव्हरवर पडलेले वण कमी करणारं एक नवं औषध तयार झालं आहे. ते खरंच काम करतं का, हे आम्ही तपासत आहोत. चाचणी या औषधाची आहे, तुमची नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवेल की तुम्हाला औषधाची गोळी मिळेल की दिसायला तशीच, पण औषध नसलेली. नको वाटलं तर केव्हाही थांबता येईल. त्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत.'

भावोजींना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ गेला, मग म्हणाले, "म्हणजे रिपोर्ट गोळीचा येणार होता." बहीण आतून ओरडली, हेच ती तेव्हा सांगत होती.

त्यांनी एकच ठिकाणी अडवलं: 'वण' वाचून त्यांनी पोटावर हात फिरवला आणि विचारलं, वरून दिसत का नाहीत? तेव्हा 'आतून वण' लिहिते. 'दुहेरी अंध'ला मात्र अजून काही सुचलेलं नाही. 'कुठली गोळी, हे डॉक्टरांनाही माहीत नसेल आणि तुम्हालाही' असं सध्या ठेवलंय. याहून बरं कुणाला सुचलं तर सोमवारच्या आत सांगा, बैठक मंगळवारी आहे.