अमेरिकेतल्या काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसची तुलना कृषी विज्ञान केंद्राशी जास्त जुळते
अमेरिकेतला काउंटी एक्स्टेन्शन डायरेक्टर (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग, तिथल्या कृषी विस्तार ऑफिसचा प्रमुख) म्हणजे आपला तालुका कृषी अधिकारीच, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. शेतकऱ्यापर्यंत माहिती पोचवायचं काम सारखं, पण अनुदानाचे अर्ज त्याच्याकडे येत नाहीत. ते फार्म सर्व्हिस एजन्सी हे केंद्र सरकारचं वेगळं खातं बघते, म्हणून मला तो कृषी विज्ञान केंद्राच्या जास्त जवळचा वाटतो. १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्यापासून त्याचं ऑफिस लँड-ग्रँट विद्यापीठाचं (सरकारी जमिनीच्या मदतीने उभं राहिलेलं, शेती शिकवणारं विद्यापीठ), पैसा मात्र केंद्र, राज्य आणि काउंटी अशा तिघांचा.

म्हणून नॉर्थ कॅरोलायनात डायरेक्टरला दरवर्षी काउंटी कमिशनरांपुढे (काउंटीचा कारभार बघणारे निवडून आलेले सदस्य) बजेट मांडावं लागतं. तिथे मातीपरीक्षणाबरोबर फोर-एच या युवा कार्यक्रमातली मुलं, अगदी लोकांच्या प्रेशर कॅनरचा (घरी अन्न डबाबंद करायच्या भांड्याचा) दाब दाखवणारा काटा तपासून दिला तेही सांगायचं. स्थानिकांना असं थेट उत्तर देणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या केव्हीकेचा (कृषी विज्ञान केंद्राचा) खर्च आयसीएआर, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषद, उचलते, त्यामुळे जिल्हा परिषदेपुढे तशी वेळच येत नाही.