'सोर्ड्सपॉइंट': कथानक पातळ आहे की वाचताना निसटतंय?

अर्धविराम:
एलेन कुश्नर यांची 'सोर्ड्सपॉइंट' (१९८७) निम्मी झाली आहे. फँटसी म्हणतात, पण जादू नाही, देवधर्म नाही. तलवारबाज रिचर्ड सेंट व्हायर आणि त्याचा तिरसट जोडीदार अ‍ॅलेक रिव्हरसाइडच्या पडक्या वस्तीत राहतात. वर 'हिल'वर उमराव चॉकलेट पीत गप्पा मारतात. पहिलं द्वंद्व तर दिसतही नाही, त्याची चर्चाच ऐकू येते. पुढची द्वंद्वंही पटकन संपतात. वाचकांत सरळ दोन तट आहेत: काही भाषेसाठी पुस्तक डोक्यावर घेतात, काही म्हणतात यात काही घडतच नाही. ज्यांनी पूर्ण वाचली आहे त्यांनी सांगा, कारस्थान नेमकं कुठे शोधायचं? (शेवट फोडू नका.)

पानगळ:
सुपारीचा नियम पक्का लक्षात ठेवा, सगळं त्यावर उभं आहे. उमरावाने सुपारी दिली असेल तर तलवारबाजाने पाडलेला मुडदा कायद्याला चालतो. सुपारी नसेल तर तोच माणूस साधा खुनी. म्हणजे हत्यार रिव्हरसाइडचं आणि हात हिलवरचा. म्हणून प्रत्येक दिवाणखान्यात एकच प्रश्न विचारायचा: इथे कोण कुणाला कामाला लावतंय आणि नाव कुणाचं पुढे करतंय? लॉर्ड फेरिस आणि डचेस ट्रेमोंटेन या हिलवरच्या दोघांचे संवाद दोनदा वाचा. डचेस कधीच काही मागत नाही. ती गोड बोलते आणि समोरचा आपणहून हवं ते करतो. लॉर्ड हॉर्नचा तरुण उमराव मायकेल गॉडविनवरचा राग घ्या. मूळ कारण काय, तर मायकेलने त्याला झिडकारलं. एवढ्याशा अपमानातून तलवारी निघतात. शिष्टाचार इथे सजावट नाही, तेच कथानकाचं यंत्र आहे. 'फँटसी ऑफ मॅनर्स' (शिष्टाचारांची फँटसी) हे नाव या जातीच्या पुस्तकांना चिकटलं ते याच कारणाने.

सुरुवातही पुन्हा पाहा. बर्फावर रक्ताचा एक थेंब, परीकथेचा थाट, फुटक्या खिडक्यांमागे दुष्टावा दबा धरून असणार असा सूर. आणि लगेच कळतं की त्या खिडक्यांमागे कुणीच नाही, नुसता बर्फ भुरभुरतोय. पुस्तक कसं वाचायचं ते तिथेच सांगितलं आहे.

तळटीप:
पानगळ, नियमाचं पटलं. पण तक्रार करणारे आळशी वाचक नाहीत. निवेदन एकाच प्रसंगात एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उडी मारतं, त्यामुळे कुणाला किती ठाऊक आहे याचा हिशोब चुकतो, आणि कारस्थानाच्या कादंबरीत तोच हिशोब महत्त्वाचा. दुसरं, मायकेलचा धागा. तो एक हात गमावलेल्या अ‍ॅपलथॉर्पकडे तलवार शिकायला जातो, तो सगळा भाग पुस्तकातला सर्वांत जिवंत आहे. मग एका टप्प्यानंतर लेखिका मायकेलला जवळजवळ सोडून देते. ही बांधणीतली चूकच आहे. डचेस सोडली तर बायकांना करायला फार थोडं, हेही खटकतं. एक गोष्ट मात्र निर्विवाद: दोन पुरुषांचं प्रेम १९८७ साली इतकं सहज, कुठलंही स्पष्टीकरण न देता लिहिणं ही मोठी गोष्ट होती.

नदीकाठ:
द्वंद्वं पटकन संपतात यावर थोडं. 'तलवार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छाटणारं पातं येतं. इथली लढत पात्याच्या टोकाने होते, शीर्षकातच ते आहे ('सोर्ड्स पॉइंट', तलवारीचं टोक). रेपियर ही सडपातळ तलवार डोळ्यांसमोर आणा: पातं साधारण १ मीटर, वजन किलोच्या आसपास, मुख्य काम भोसकणं. अशा लढतीत अंतर राखणं हाच खेळ. एकाचं पाऊल वितभर पुढे पडलं, पातं वेळेत आडवं आलं नाही, की संपलं. त्यामुळे दोन परिच्छेदांचं द्वंद्व खोटं वाटत नाही. पवित्र्यांची नावं शोधत बसू नका, लेखिकेचं लक्ष माणसाच्या एकाग्रतेवर आहे. अ‍ॅपलथॉर्प शिकवतो ती पानं सावकाश वाचा. पुढचं एक द्वंद्व त्यामुळेच काळजाला भिडतं.

अर्धविराम:
मनापासून आभार. नावांचा गोंधळ होतोय, त्याला काही उपाय? आणि पुढची पुस्तकं कुठल्या क्रमाने वाचू?

पानगळ:
कागदावर दोन रकाने करा: कोण कुणाचं काम करतो, आणि कुणाचं करतो असं भासवतो. हॅलिडे (हाही हिलवरचा उमराव), फेरिस, हॉर्न, डचेस, मायकेल ही पाच नावं पुरतात. प्रकरण संपलं की दुसरा रकाना तपासा, खाडाखोड होतेच.

क्रम: 'द प्रिव्हिलेज ऑफ द सोर्ड' (२००६) आधी, 'द फॉल ऑफ द किंग्ज' (२००२, डेलिया शर्मन यांच्यासोबत) नंतर. प्रकाशन उलटं झालं, पण कथेचा काळ असाच पुढे जातो. 'प्रिव्हिलेज'मध्ये एका मुलीच्या हाती तलवार येते, तळटीप यांची बायकांबद्दलची तक्रार तिथे बरीच फिटते. 'सोर्ड्सपॉइंट'च्या २००३ च्या आवृत्तीत मागे कथा जोडल्या आहेत, त्या मुख्य कादंबरी संपल्याशिवाय उघडू नका. एका कथेचं शीर्षकच पुढचं सांगून टाकतं.