बुद्धिबळातला इव्हान्स गॅम्बिट (हल्ल्यासाठी प्यादं द्यायची सुरुवात): प्यादं दिल्यावर हल्ला विझतो, चुकतंय कुठे?

नवखा_हत्ती:
(आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल; टिंबांनंतर काळ्याची; नुसतं घर म्हणजे प्याद्याची चाल; × म्हणजे मारलं.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. बी४ उंट×बी४ ५. सी३ उंट ए५ ६. डी४ डी६ ७. कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) उंट बी६. आता ई५ वर मारलं तर प्यादं परत मिळतं, पण वजिराला वजीर जातो. नाही मारलं तर एक प्यादं कमीच. मग बी४ दिलं कशाला? आणि उंट ए५ ऐवजी ई७ ला गेला तर?

तिरपा_उंट:
७… उंट बी६ हा लास्करचा बचाव, म्हणजे माजी जगज्जेत्या लास्करच्या नावाचा. यात काळा प्यादं आनंदाने परत करतो, कारण वजीर गेल्यावर तुमची ए२ आणि सी३ ही एकटी प्यादी त्याला आयतीच मिळतात. म्हणून सातव्या खेळीला कॅसलिंगची घाई नको, वजीर बी३! एफ७ वर दाब येतो. काळ्याने वजीर ई७ केलं तर ८. डी५ घोडा डी४ ९. घोडा×डी४ ई×डी४ १०. वजीर ए४ शह, आणि ए५ चा उंट गेला. त्यामुळे त्याला वजीर डी७ वर ठेवावा लागतो, तिथे तो स्वतःच्याच सी८ च्या उंटाची वाट अडवतो. मग ८. डी×ई५ उंट बी६ ९. घोडा बीडी२ (बी१ चा घोडा डी२ ला). ही नववी खेळी विसरू नका. काळ्याचा घोडा ए५ वर येऊन तुमचा वजीर आणि उंट दोघांवर उठतो, तेव्हा सी४ ला आधार लागतोच.

बी४ कशाला? उंट हलवायला लावून सी३-डी४ एक चाल वाचवून मिळवायला. प्याद्याच्या बदल्यात वेळ घेतलाय, तो पुढच्या पाच-सहा चालींत वापरला नाही तर प्यादं फुकट गेलं.

खादाड_प्यादं:
६… ई×डी४ ७. कॅसलिंग डी×सी३ असा हावरटपणा बऱ्याचदा समोर येतो. ८. वजीर बी३ वजीर एफ६ ९. ई५! आता घोडा×ई५ केलं तर हत्ती ई१ ने घोडा राजासमोर बांधला जातो, आणि डी६ नंतर वजीर बी५ शह देऊन उंट उचलायचा. वजीर जी६ हे बरं, मग १०. घोडा×सी३ घोडा जीई७ (जी८ चा घोडा ई७ ला) ११. उंट ए३. दोन प्यादी कमी, पण काळ्याचा सी८ चा उंट आणि दोन्ही हत्ती अजून घरातच. जाणकार मात्र सातव्याला घोडा जीई७ आणि पुढे डी५ करतो. ते जास्त त्रासदायक.

तिरपा_उंट:
५… उंट ई७ ६. डी४ घोडा ए५. यावर ७. घोडा×ई५ केलं तर घोडा×सी४, घोडा×सी४, डी५ होऊन सगळं सपाट, म्हणजे बरोबरी. कास्पारोव्हने १९९५ साली रिगाला आनंदविरुद्ध ७. उंट ई२ ई×डी४ ८. वजीर×डी४ खेळलं. आनंदने घोडा एफ६ करताच ९. ई५ घोडा सी६ १०. वजीर एच४, आणि २५ चालींत कास्पारोव्ह जिंकला. वजीर इतक्या लवकर बाहेर काढणं पुस्तकी नियमात बसत नाही, पण इथे जी७ वर नजर ठेवायला दुसरं कोणी मोकळं नसतं.