कॉफीमुळं छातीत धडधडतंय, की मलाच टेन्शन आलंय?

मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत अभ्यासिकेत बसतोय, एमपीएससीची तयारी. दोन महिने झाले दिवसाला पाच-सहा मग इन्स्टंट कॉफी होतेय, शेवटचा रात्री नऊला. आता पुस्तक उघडलं की हात थरथरतात, अक्षर वाकडं येतंय, आणि सारखं वाटतंय काहीतरी वाईट होणार. परवा रात्री दीडला भावाला उठवलं, दवाखान्यात जाऊन ईसीजी काढला, नॉर्मल आला. कॉफीचं डॉक्टरांनी विचारलं नाही, मीपण सांगितलं नाही. बंद करू काय सरळ?

— भावा, एकदम बंद नको करूस. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नाइट शिफ्टला होतो तेव्हा एका झटक्यात सोडली, दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की मशीनचा आवाज सोसवेना. चार-पाच दिवस चाललं ते. दर दोन-तीन दिवसांनी एक मग कमी कर.

— मी फार्मसी शिकवते. जागं असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं झोप येते. कॅफिन त्याच्याच जागा अडवून बसतं, वर ॲड्रेनलिनही वाढवतं. म्हणजे भ्यायल्यावर अंगात जे होतं तेच, धडधड, घाम, थरथर, आणि कारण दिसत नाही म्हणून मन आणखीनच घाबरतं. अर्धं कॅफिन उतरायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे नऊच्या मगातलं निम्मं दोन वाजताही अंगात असतं. धडधाकट माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात, पण काहींना त्याच्या कितीतरी आधीच त्रास होतो. चहापण त्यातच धर. आणि काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचार, काही गोळ्यांनी कॅफिन उतरायला जास्त वेळ लागतो.

— बाळा, मला पॅनिकचा त्रास आहे, अर्धा कप घेतला तरी झटका यायचा. कॉफी सोडल्यावर निम्मं कमी झालं, सगळं नाही गेलं, बाकीच्यासाठी समुपदेशन घ्यावं लागलं. तुला परीक्षेचं दडपणपण असणारच की, ते कॉफीच्या नावावर झाकू नकोस. आणि रात्री एकटं वाटलं तर 14416 लाव, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

— सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, ते नऊ आणि दोनचं वाचून मी थांबलोच, कारण मला जाग बरोबर त्याच सुमाराला येते. नऊचा मग आजपासून बंद, चारनंतर घेणार नाही. शनिवारी परत डॉक्टरांकडं जातोय, कॉफीचं आणि परीक्षेचं दोन्ही सांगतो.