फिरतीची नोकरी: परत आल्यावरचे दोन दिवस कसे सांभाळता?

नमस्कार. थोडं लांबलंय, पण मदत खरंच हवी आहे.

कारखान्यात मशिनरी बसवून ती चालू करून द्यायची, हे माझं काम. गेली ३ वर्षं महिन्यातले १२-१४ दिवस बाहेर असते. घरी नवरा आणि ५ वर्षांची मुलगी. मी नसताना नवरा सगळं व्यवस्थित बघतो, त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. काम मला मनापासून आवडतं, त्यामुळे ‘नोकरी बदला’ एवढाच सल्ला कृपया नको.

बाहेर असते ते दिवस कसेही निघतात. जड जातो तो निघायच्या आदला दिवस आणि परतल्यानंतरचे दोन. आदल्या दिवशी आमचं हमखास वाजतं, तेही ओला टॉवेल कुठे टाकला, बिल का भरलं नाही, असल्या गोष्टींवरून. मग विमान सुटायच्या आधी दोघंही एकमेकांना सॉरी म्हणून मेसेज करतो. दर वेळी हेच.

परतल्यावरचं दुखणं वेगळं. मागच्या खेपेला सकाळी मुलगी शाळेला निघाली होती. बुटाची नाडी बांधायला मी खाली बसले, तर तिनं पाय मागे घेतला. "तू नको, बाबा बांधेल. आता आम्ही दोन कानांची बांधतो, तुला ती येत नाही." रागानं नाही, अगदी सहज म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं. रात्री मी नवऱ्याला विचारलं, मी या घरात पाहुणी झालेय का? तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तू आलीस की आमची बसलेली घडी मोडते, आणि नवी बसेपर्यंत तुझी बॅग पुन्हा भरलेली असते." त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. खरं तेच तो बोलला.

व्हिडिओ कॉल रोज करते. "आज काय केलंस?" म्हटलं की उत्तर येतं, "काही नाही." मग फोन पलंगावर पडतो, मला छताचा पंखा दिसत राहतो आणि त्या दोघांचं हसणं ऐकू येतं.

त्यात झोपेचं खोबरं. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक टाइम झोन या वेगानं जुळतं, आणि पूर्वेकडे जाताना तर त्याहून हळू. सहा झोन पलीकडचा आठवड्याचा दौरा असला की तिथे जरा कुठे नीट झोप लागायला लागते तोवर परतायचं, आणि घरी येऊन पुन्हा तेच उलट्या दिशेनं. त्या चिडचिडीत मी घरच्यांवर ओरडते आणि नंतर रडू येतं.

फिरतीवर असणाऱ्यांनी, आणि त्यांच्या मागे घर सांभाळणाऱ्यांनीही, कृपया सांगा: आल्या आल्या सगळं हातात घ्यावं की थोडं मागे राहावं? आणि दौरे कमी करण्याबद्दल साहेबांशी कसं बोललात?

प्रतिसाद १

मी १८ वर्षं फिरतीवर काढली. ते आदल्या दिवसाचं भांडण टॉवेलचं नसतं हो. अमेरिकी नौदलातल्या कुटुंबांबद्दल कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ साली लिहिलं आहे, त्यात हे सगळं येतं: जाण्याआधी दोघंही नकळत लांब सरकतात, आणि परतल्यावर घरातली कामं, सवयी, कोणाचा शब्द कशात चालणार, हे नव्यानं ठरवावं लागतं. तुमचे दौरे छोटे आहेत, पण तेच चक्र तुम्ही महिन्याला दोनदा फिरताय. बॅग दोन दिवस आधी भरून दाराआड ठेवा, आदली संध्याकाळ मोकळी ठेवा. आल्यावर पहिला दिवस काहीही ‘सुधारायला’ जाऊ नका. मी आल्या आल्या कपाटं लावायला घ्यायचो. बायकोला वाटायचं, मी तिच्या चुका काढतोय. हे तिनं मला ६ वर्षांनी सांगितलं.

आणि ती नाडी मुलीकडूनच शिकून घ्या. कॉलवर प्रश्न विचारण्यापेक्षा एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, रोज दोन पानं वाचा.

प्रतिसाद २

दौरा २-३ दिवसांचाच असेल तर तिथल्या वेळेशी जुळवूच नका, जमेल तितकं घरच्या घड्याळानं झोपा. साहेबांकडे ‘दौरे कमी करा’ म्हणून गेले तेव्हा मला नकार मिळाला. नंतर गेल्या ६ महिन्यांचे दौरे कागदावर मांडून नेले आणि त्यातले कोणते व्हिडिओवर निभले असते ते दाखवलं. दोन लगेच कमी झाले. लांबच्या दौऱ्यानंतर एक दिवस घरून काम, हेही तेव्हाच मागून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल मुलीसमोर बूट घेऊन बसले आणि म्हटलं, शिकव. दोनदा माझी गाठ सुटली, तिसऱ्यांदा तिनं माझं बोट धरून दुसरा कान ओढून घेतला. परवा निघायचंय, बॅग आजच भरून ठेवली आहे. कागदावर दौरे मांडायला घेतलेत: ६ महिन्यांत १३ निघाले, त्यातले ४ तरी मला टाळता येण्यासारखे वाटतात. ते साहेबांना आत्ताच दाखवू की या दौऱ्याचं काम नीट पार पडल्यावर?